एकाच पाकिटातल्या गोळ्या

रविवार, ता. १४
सकाळचा चहा झाल्यावर

लाडक्या भिंगरीला आजीचे आशीर्वाद आणि डोक्यात एक टपली. टपली अशासाठी, की मंगळवारी माझं बोलणं अर्धं असताना तू फोन ठेवून दिलास.

इकडे आम्ही दोघं मजेत आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहून घेतलं. तूही मजेत असशील अशी आशा, हीसुद्धा रीतच. तू मजेत नाहीस हे मला ठाऊक आहे. त्या विषयाकडे येते, पण मी जिने चढते तशी, मधे मधे टेकत.

अक्षर बघून चमकली असशील. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईचं ते गोल गोल, बटणं टाकल्यासारखं अक्षर आज नाही. आज लिहायला तुझा बाबा बसलाय. सुट्टीचा दिवस, दाढी केलेली नाही, आणि पेन असं धरलंय जसा काही क्रेनचा दांडाच. माझा नियम तुला माहीत आहे. लिहिणारा एक, वाचणारा दुसरा. एरवी शिंपीणबाई लिहिते आणि पाकीट चिकटवायच्या आधी बाबा मला वाचून दाखवतो. आज उलट. हा लिहील, आणि संध्याकाळी मी कागद घेऊन खाली जाईन, तेव्हा शिंपीणबाई मला पहिल्या ओळीपासून वाचून दाखवेल. तेव्हा सुतळ्या, मी बोलेन ते सगळं उतरवायचं. गाळायचं नाही, सुधारायचं नाही. हे वाक्यसुद्धा लिही.

लिहिलं म्हणतो. तोंड वाकडं करून लिहिलं.

हा नियम कुठून आला, ते तुला कधी सांगितलं नव्हतं. मी नवी सून होते तेव्हा माहेरी पत्र धाडायचं तर थोरल्या दिरांकडून लिहून घ्यावं लागे. मी सांगितलं, मला इथे करमत नाही, थोडे दिवस न्यायला या. दिरांनी मान डोलवत डोलवत लिहिलं. पुढे कधीतरी वडील भेटले, तर म्हणाले, पत्र मिळालं हो तुझं, सुखात आहेस हे वाचून जीव निवला. माझंच पत्र, खाली माझाच अंगठा. तेव्हापासून कागदाच्या बाबतीत मी एकट्या माणसावर भरवसा टाकत नाही. पोटचा मुलगा असला तरी. हेही लिही.

आता बातम्या. लिफ्ट पुन्हा रुसली आहे. शिंपीणबाईने वरच्या मजल्यावरच्या मास्तरांचा कोट शिवला, त्याची एक बाही आखूड झाली. मास्तर म्हणाले, बाई, मापात चुकलात. बाई म्हणाल्या, माप बरोबर आहे, तुमचा एक हातच लांब आहे. भांडण माझ्यासमोर आलं, मी म्हटलं, मोजा. मोजले. खरंच लांब निघाला. साठीला आलेला माणूस, त्याला आपले हात सारखे नाहीत हे आत्ता कळलं, तेसुद्धा दुसऱ्याला बोल लावल्यावर. बिचारे तेव्हापासून दोन्ही हात खिशात घालून जिना उतरतात.

माझ्या डाव्या तळव्याला एक फोड आलाय. नवी चप्पल चावली असेल. बरा होतोय. म्हणजे, आहे तिथेच आहे.

बाबा पाणी प्यायला उठलाय. पत्र सुरू केल्यापासून ही दुसरी खेप. बाटली शेजारी घेऊन बस म्हटलं तर चिडतो. परत येऊन बसला की हेही त्याला लिहायला लावणार आहे.

तर, तुझ्या कामाचं. नात काय करते, असं बायका मला विचारतात. मी सांगते, पोटात मागच्या बाजूला एक पान आहे, स्वादुपिंड म्हणतात त्याला. साखर आवरायचं काम त्याचं. त्या पानात कधी कधी चरबी येऊन बसते. न सांगता मुक्कामाला आलेल्या पाहुण्यासारखी, आधी कोपऱ्यात, मग सगळ्या खोल्यांत. घरच्यांना काम करायला जागा उरत नाही, पान थकतं, साखर मोकाट सुटते. ही चरबी बघायची तर माणसाला त्या मोठ्या ठोकठोक वाजणाऱ्या बोगद्यात झोपवावं लागतं, आणि तो बोगदा गावोगावी कुठून आणणार? म्हणून माझी नात रक्तातच त्या पाहुण्याच्या खुणा शोधते. दारातल्या चपला बघून घरात कोण आलंय ते ओळखावं, तसं. शिंपीणबाई म्हणाली, मग जाड माणसाला बघूनच कळेल की. मी म्हटलं, नाही ना. बाहेरून वाळकी काटकी, आणि आत पाहुणे ऐसपैस, असंही असतं. हे तूच मला शिकवलंस. मी ते चांगलं लक्षात ठेवलं. जरा जास्तच चांगलं.

तुला दोन तऱ्हेची माणसं हवी होती. साखरेची जुनी गिऱ्हाइकं, माझ्यासारखी, रोज गोळी घेणारी. आणि शेजारी ठेवून बघायला बिनसाखरेची, धडधाकट. तू इथे आलीस, मला म्हणालीस, आजी तू चल. आणि बाबाच्या गळ्यात पडून म्हणालीस, तू पण चल, तुझ्याइतका सडपातळ माणूस मला कुठे मिळणार? तो म्हणाला, कामावर जायचंय. तू म्हणालीस, सकाळी लवकर सोडते. तो म्हणाला, मला सुईची भीती वाटते. वीस माणसांच्या उंचीवर टांगलेल्या खोक्यात बसून लोखंड उचलणारा हा माणूस, त्याला सुईची भीती. तू हसलीस. मीही हसले. मी हसायला नको होतं.

शेवटी तो आलाच; तुम्ही आम्हा दोघांचं रक्त घेतलंत, बोगद्यातही झोपवलंत. रक्ताच्या नळ्यांवर नावं नव्हती, नुसते आकडे. ते आकडे तू स्वतः चिकटवलेस. मी खुर्चीत बसून बघत होते, जीभ जराशी बाहेर काढून चिकटवत होतीस, लहानपणी पाटीवर चित्र काढायचीस तशी.

आता मंगळवारचा फोन. बाबा कामावर होता, त्यामुळे त्याला यातलं काही माहीत नाही. आत्ता लिहिताना पहिल्यांदा कळतंय. तू विचारलंस, आजी, तू गोळ्या रोज घेतेस ना? मी म्हटलं, घेते की. तू विचारलंस, बाबा कसली गोळी घेतो का? मी म्हटलं, छे गं. मग म्हणालीस, तुझ्या नळीत गोळीचा मागमूस नाही आणि बाबाच्या नळीत गोळी सापडली आहे. बाबाच्या नळीत चरबीच्या खुणाही ढीगभर आहेत. आमच्या कामावरच्या मोठ्या मॅडम म्हणतात, आकडे उलटसुलट चिकटवले गेले. तुम्हा दोघांची बोगद्यातली चित्रं शेवटीच उघडायची असा नियम, त्यामुळे ती बघून पडताळा घेता येत नाही. पुढच्या आठवड्यात शुक्रवारी मला लेखी द्यायचंय, की चूक माझी. यापुढे नळ्यांना मी हात लावायचा नाही. आणि मग तू जे म्हणालीस ते माझ्या कानातून जात नाही. म्हणालीस, आजी, मला तर आठवतंय मी बरोबर चिकटवले होते, पण आता माझाच माझ्यावर विश्वास राहिला नाही.

मी म्हटलं, अगं ऐक. तू फोन ठेवलास.

मी पुन्हा लावला नाही. सांगायचं होतं ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, आणि ते सांगायचा हक्क माझ्या एकटीचा नव्हता. शिवाय तुझ्या मॅडमना लेखी हवंय. तर घ्या लेखी.

सुतळ्या, उठू नकोस. पाणी मी आणते.

आणलं. प्यायला. बाटली रिकामी केली. आता लिही.

आपल्या स्वयंपाकघरातल्या फळीवर निळा डबा आहे, त्यात माझ्या गोळ्या. मला पाकिटावरचं वाचता येत नाही, पण बोटांना कळतं किती घरं फुगलेली आहेत आणि किती बसलेली. उन्हाळ्याच्या सुमाराला माझ्या ध्यानात आलं, मी फोडते त्याहून जास्त घरं बसलेली असतात. आधी वाटलं, म्हातारी झाले, घेतलेली विसरून परत घेते. घाबरले. कुणाला बोलले नाही, नाहीतर तू मला एखाद्या बोगद्यात झोपवलं असतंस. मग एका सकाळी भांडी पुसत होते. समोरच्या खिडकीच्या काचेत मागची फळी दिसते. तुझा बाबा डबा उघडून उभा होता. एक गोळी तोंडात टाकली, वर पाणीसुद्धा नाही, आणि डबा असा हळू लावला जसा काही झोपलेल्या मुलावर पांघरूण घालतोय.

मी वळले नाही. भांडं पुसत राहिले. ते भांडं त्या दिवशी फार चकचकीत झालं.

पेन थांबलंय. मला दिसत नाही काय लिहिलंय, पण पेन थांबलेलं दिसतं. लिही रे. तुला वाटलं, आईला अक्षर येत नाही म्हणजे तिला काही वाचता येत नाही? तुझा पट्टा दोन भोकं आत गेलाय. संध्याकाळी कामावरून येतोस तो आधी मोरीकडे धावतोस, मग नळाकडे. पंचवीस वर्षांच्या संसारात तुझ्या बापाने जेवढं पाणी मागितलं नसेल तेवढं तू एका सुट्टीच्या दिवशी पितोस.

भिंगरी, तो असं का करतो तेही मला माहीत आहे, विचारावं लागलं नाही. क्रेनवाल्यांची वर्षातून एकदा तपासणी होते. त्याच्या जोडीदाराला, तू त्याला जाड्याकाका म्हणायचीस, साखर निघाली, आणि त्याच आठवड्यात त्याला खाली उतरवून फाटकावर बसवलं. येणाऱ्या गाड्यांचे आकडे लिहायला. एकदा खाली उतरवलं की परत वर चढवत नाहीत. तुझा बाबा त्याच्याजवळून जाताना मान वळवून जातो, हे जाड्याकाकाच्या बायकोने मला सांगितलं. तुझी आई गेल्यापासून या माणसाला जमिनीवर कुठे बरं वाटतं ते मला तरी ठाऊक नाही. वर बसलेला असला की शीळ घालतो म्हणे. घरात मी त्याची शीळ ऐकलेली नाही. तर, स्वतःच्या नावाने डॉक्टरकडे गेला तर नाव कागदावर येणार. म्हणून आईच्या डब्यातली गोळी. आणि तू गळ्यात पडलीस, तुला नाही म्हणायला कारण सापडेना, म्हणून त्या सकाळीही एक घेऊन आला असणार. बरा दिसावा म्हणून. लेकीसमोर.

मान हलवली. मी बघितलं. मान हलवली असं लिही.

आता दुसरं. हे त्याला माहीत नाही.

घरं दुप्पट वेगाने बसायला लागली तेव्हा मी हिशेब केला, की गोळ्या पुरायच्या नाहीत. तो औषधवाल्याकडे लवकर गेला असता, तर औषधवाल्याने विचारलं असतं. त्याला बोलावं, तर त्याची मान खाली जाईल. वर बसणाऱ्या माणसाची मान मी कशी खाली करू? मग मी घेणं सोडलं. रोज सकाळी त्याच्या देखत डबा काढायचा, पाकीट वाजवायचं, हात तोंडाशी न्यायचा, पाणी प्यायचं. गोळी पाकिटातच. मला वाटलं, माझं काय, माझं पान कधीच वाळून गेलं. त्याचं अजून हिरवं असेल. रक्त घ्यायच्या दिवशी नर्सने विचारलं, गोळी घेतली का? मी म्हटलं, घेतली की, गोड होती. ती हसली. म्हणून माझ्या नळीत तुला गोळी सापडली नाही गं. ती नव्हतीच.

पेन खाली ठेवलंय त्याने. खिडकीपाशी जाऊन उभा आहे. पाठ माझ्याकडे. जरा वेळ जाऊ दे.

बराच वेळ गेला. परत आला तो आधी माझ्यासमोर जमिनीवर बसला, माझा पाय मांडीवर घेतला आणि तळवा उलटा करून बघितला. फोड कधीचा आहे विचारलं. मी म्हटलं, चप्पल. तो म्हणाला, "आई, तू चप्पल कधी घालतेस? इमारतीबाहेर तरी पडतेस का?" मी म्हटलं, "तू तरी कुठे डॉक्टरकडे जातोस?" बोट लावलं तेव्हा मला कळलंच नाही त्याने कुठे लावलं ते. त्याला ते समजलं. त्याचा चेहरा मी इथे सांगणार नाही.

हे सगळं त्यानेच लिहिलंय, स्वतःच्या हाताने. मी बोलते, तो उतरवतो.

तर मॅडमना हे वाचून दाखव. बाहीचं भांडण आठव. तुझं माप बरोबर होतं, आमचे हात लहानमोठे निघाले. रक्त बोललं ते खरं बोललं. खोटं आम्ही दोघं बोललो, आणि दोघंही तुझ्या तोंडावर बोललो. माझ्या नावापुढे गोळी घेणारी असं लिहिलंय, ते खोडा. त्याच्या नावापुढे धडधाकट लिहिलंय, तेही. आम्हाला दोघांनाही काढून टाकायचं तर टाका. परत रक्त हवं असेल तर परत देऊ, या वेळी सुईच्या भीतीचं नाव कुणी काढणार नाही. पण चूक माझी असं तू येत्या शुक्रवारी लिहून द्यायचं नाहीस. मला अंगठ्यापलीकडे काही येत नाही, तरी एवढं कळतं, की न केलेल्या गोष्टीखाली नाव लिहिलं की ते नाव तिथेच राहतं. मी एकदा तसल्या कागदाखाली अंगठा दिला आहे.

आणखी एक तुला विचारायचंय, त्याच्या देखत विचारते. तू म्हणाली होतीस, वेळेत कळलं तर काही जणांची ती चरबी उतरते आणि पान पुन्हा कामाला लागतं. सगळ्यांचं नाही, काहींचं. या काटकीवरून काय उतरवायचं ते मला कळत नाही, पण तू बघ. त्याचं अजून वेळेत आहे का, ते सांग. खरं असेल ते सांग. गोड करून सांगू नकोस, या घरात तेवढं गोड आता चालायचं नाही.

आता पुढची ओळ मी सांगणार नाही. सुतळ्या, ही तुझी तू लिही. क्रेनचं काय करायचं ठरवलंस ते लिही नाहीतर लिहू नकोस. मी तोंड खिडकीकडे करून बसते.

*भिंगरी, मी तुझा बाबा. आजीने सांगितलं ते सगळं खरं आहे. त्या सकाळी मी गोळी घेतली होती. तुझे आकडे तू बरोबरच चिकटवले होतेस, मी बघत होतो. ते मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं. उद्या आईला पायासाठी दवाखान्यात नेतोय. तिथेच माझंही नाव लिहून घ्यायला सांगणार आहे, माझ्याच नावाने. कामावर काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही. भीती वाटते. पण डोळ्यांपुढे धूसर होतं तेव्हा खाली माणसं असतात, हे आईला मी सांगितलेलं नाही, तुला सांगतोय. तेव्हा उद्या वर चढणार नाही, एवढं नक्की.*

झालं म्हणतो. बराच वेळ लिहीत होता. काय लिहिलं मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, शिंपीणबाईकडे घेऊन जा, दिवेलागणीआधी वाचून घे.

मी घडी परत उघडायला लावली आहे, हे शेवटचं लिहिण्यापुरती.

मी खाली जाणार नाही. पाय दुखतोय असं समज हवं तर. शिंपीणबाईला आज बाह्या लावायच्या आहेत, तिला कशाला त्रास? हे पत्र कुणी मला वाचून न दाखवताच जाईल. इतक्या वर्षांत पहिलंच.

आणि तुझं उत्तर येईल ते बाबाच्या नावाने पाठव. तोच फोडेल, तोच मला वाचून दाखवेल. तो जे वाचेल ते मी खरं धरून चालेन.

डाव्या हाताचा अंगठा देते. उजव्याला मगाशी बाबाने साखर बघायला टोचलंय, तो अजून ओला आहे.

तुझी,
आजी